चौंडीला मंत्रिमंडळ आले, खर्ड्याला न्याय कधी येणार?

६ मे २०२५ रोजी महाराष्ट्राचे अख्खे मंत्रिमंडळ मुंबई सोडून जामखेड तालुक्यातल्या चौंडीत आले. निमित्त होते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या ३०० व्या जयंती वर्षाचे. त्यांच्या जन्मस्थळाच्या जतन-संवर्धनासाठी ६८१ कोटींच्या आराखड्याला त्या दिवशी मान्यता मिळाली. त्याआधी ३१ मे २०२३ रोजी याच चौंडीत तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी जिल्ह्याच्या नामांतराची घोषणा केली होती आणि २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर अधिकृतपणे झाले.

याच जामखेड तालुक्यात खर्डा नावाचे गाव आहे. तिथे २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या १७ वर्षांच्या बौद्ध विद्यार्थ्याला मारहाण करून ठार करण्यात आले आणि त्याचे प्रेत झाडाला लटकवण्यात आले. कारण काय, तर वरच्या जातीतल्या मुलीशी तो बोलतो असा संशय. २३ नोव्हेंबर २०१७ रोजी अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले. साक्षीदारांपैकी निम्म्याच्या आसपास फितूर झाले होते आणि त्यात शाळेतल्या शिक्षकांचाही समावेश होता.

मग नितीनला कुणी मारले? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्र सरकारने आजवर दिलेले नाही. एका तालुक्यात अख्खे मंत्रिमंडळ येते, कोट्यवधींचे निर्णय घेते आणि त्याच तालुक्यातल्या या प्रश्नाबद्दल एक अक्षर न काढता परत जाते. याला काय म्हणायचे?

नावाला आमचा विरोध नाही

पहिल्यांदाच एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे कुणी गैरसमज पसरवायला नको. अहिल्यादेवींच्या नावाला आमचा विरोध असण्याचे कारणच नाही. मेंढपाळ समाजात जन्मलेली एक स्त्री अठराव्या शतकात राज्य चालवते आणि न्यायासाठी ओळखली जाते, हा बहुजनांचा अभिमानाचा इतिहास आहे. आणि नावाची किंमत आंबेडकरी समाजाला कुणी शिकवू नये. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि ते नाव प्रत्यक्ष लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. साडेपंधरा वर्षे! त्या काळात मराठवाड्यात घरे जाळली गेली, पोचीराम कांबळेंना मारले गेले, गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतले. एका नावासाठी आपल्या माणसांनी जीव दिला, कारण त्या नावाबरोबर माणूस म्हणून मान मिळणार होता.

प्रश्न नावाचा नाही, नावामागच्या हिशोबाचा आहे. धनगर समाज कित्येक वर्षे अनुसूचित जमातीचे आरक्षण मागतो आहे. २०१४ च्या आधी त्यांना जाहीर आश्वासन दिले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याविषयीच्या याचिका फेटाळल्या. आश्वासन देणारे सत्तेत आले, गेले, परत आले. प्रश्न जिथे होता तिथेच आहे. त्या बदल्यात समाजाला काय मिळाले? नामांतर, स्मारक, बैठक. हक्क मागणाऱ्याच्या हातात प्रतीक द्यायचे आणि टाळ्या घ्यायच्या, ही सत्ताधाऱ्यांची जुनी रीत आहे. शिवाय अहमदनगर हे नाव पुसताना शहराचा इतिहास म्हणजे फक्त एक मुसलमान सुलतान, असे चित्र उभे केले गेले. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मलिक अंबर याच निजामशाहीचा वजीर झाला, हे मात्र कुणी सांगत नाही. तोही खालून वर आलेल्या माणसाचाच इतिहास आहे.

तलवारीची पंगत आणि गावची पंगत

खर्डा इतिहासात प्रसिद्ध आहे तो १७९५ च्या लढाईसाठी. ११ मार्च १७९५ रोजी पेशवे, शिंदे, होळकर, भोसले अशा सगळ्यांच्या एकत्रित फौजांनी इथे निजामाचा पराभव केला. या लढाईची एक गोष्ट आंबेडकरी चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शिदनाक महार या सरदाराचा तंबू सवर्ण सरदारांच्या तंबूंमध्ये लागला म्हणून तक्रार झाली. तेव्हा हिरोजी पाटणकरांनी सुनावले की ही जेवणाची पंगत नसून तलवारीची आहे, इथे जात बघायची नसते. पुढे याच शिदनाकाने परशुरामभाऊ पटवर्धनांचा जीव वाचवला, असेही सांगतात.

या गोष्टीचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, पण तिचा अर्थ नीट वाचत नाही. लढाईत जात बघायची नसते, याचाच अर्थ लढाई संपली की बघायची असते! शिदनाकाचा तंबू चालला, कारण त्याची तलवार हवी होती. मरायला बरोबरीचा, जगायला खालचा. त्यानंतर २१९ वर्षांनी त्याच खर्ड्यात एका पोराने बरोबरीने बोलण्याचे धाडस केले असा नुसता संशय आला आणि गावाने आपली जुनी पंगत दाखवून दिली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत 'फँड्री' प्रदर्शित झाला होता. त्या सिनेमाला अवघ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. एप्रिलमध्ये खर्डा घडले. पडद्यावरच्या जब्यासाठी हळहळणारा महाराष्ट्र खर्ड्याच्या पोरासाठी किती दिवस जागा राहिला?

साक्षीदार का फुटतो?

निकालानंतर अनेकांनी साक्षीदारांना शिव्या घातल्या. राग समजू शकतो, पण फितुरी ही काही चार माणसांच्या स्वभावाची गोष्ट नाही. त्यामागे एक व्यवस्था आहे आणि तिचे नाव गावगाडा. साक्षीदार शेतमजूर असेल तर उद्या त्याला कामाला बोलवायचे की नाही ते बागायतदार ठरवतो. शिक्षक असेल तर त्याची बदली, त्याची बढती, त्याचे भाड्याचे घर गावातल्या वजनदार मंडळींच्या मर्जीवर असते. छोटा दुकानदार असेल तर उधारी बंद झाली की दुकान बंद. न्यायालयातली साक्ष अर्ध्या तासाची असते. त्यानंतर राहायचे कायम त्याच गावात असते.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले, ते याच गुलामीवर बोट ठेवून. वतन म्हणजे चतकोर जमिनीच्या बदल्यात अख्ख्या गावाची आणि सरकारची रात्रंदिवसाची चाकरी. वतने संपली १९५८ च्या कायद्याने, पण ज्या जमिनीसाठी पिढ्या राबल्या ती नावावर करून घ्यायला आपल्या माणसांनाच सरकारकडे पैसे भरावे लागले. म्हणून दादासाहेब गायकवाडांना १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह करावे लागले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्यांवर कोरडे ओढले ते उगाच नव्हे. जो ज्याच्यावर पोटासाठी अवलंबून, तो त्याच्याविरुद्ध साक्ष देऊ शकत नाही. इतके ते साधे आहे.

आता नोव्हेंबर २०१७ चा तो आठवडा आठवा. शेजारच्या कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत जुलै २०१६ मध्ये एका मराठा समाजातल्या अल्पवयीन मुलीवर बलात्कार करून तिची हत्या झाली होती. त्या खटल्यात १८ नोव्हेंबरला तिघे दोषी ठरले आणि २९ नोव्हेंबरला त्यांना फाशी सुनावली गेली. बरोबर मधल्या दिवसांत, २३ तारखेला, खर्ड्याचे आरोपी सुटले. जिल्हा तोच, महिना तोच. कोपर्डीचा गुन्हा अमानुष होता, त्याला शिक्षा झालीच पाहिजे होती, यात दुमत नाही. आमची तक्रार त्या निकालाबद्दल नाही. आमचे म्हणणे एवढेच की कोपर्डीच्या साक्षीदारांमागे अख्खा समाज आणि अख्खे सरकार उभे होते. खर्ड्याच्या साक्षीदारांमागे कोण होते? आणि कोपर्डीनंतर निघालेल्या मोर्चांमध्ये ॲट्रॉसिटी कायद्याच्या गैरवापराची हाकाटी झाली. ज्या जिल्ह्यात साक्षीदार टिकत नाहीत म्हणून आरोपी सुटतात, त्याच जिल्ह्यातून कायदा फार कडक आहे अशी ओरड व्हावी, यापेक्षा मोठा विरोधाभास कोणता?

२० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात हा कायदा पातळ केला. २ एप्रिलच्या भारत बंदने देश हादरला, संसदेला त्याच वर्षी कलम १८-अ आणावे लागले. म्हणजे कायदा वाचवला तो रस्त्यावरच्या माणसांनी. पण कायदा वाचला म्हणून खटला वाचतो असे नाही.

कायद्यात आहे ते तरी द्या

आम्ही आकाशातले तारे मागत नाही. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत कलम १५-अ आहे. पीडित आणि साक्षीदाराला संरक्षण, गरज पडल्यास दुसरीकडे वास्तव्य, प्रवासखर्च, हे सगळे त्यात राज्याचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून शक्यतो दोन महिन्यांत खटला संपवावा असे कायदा म्हणतो. खर्ड्याला घटनेपासून निकालापर्यंत साडेतीन वर्षे लागली. इतक्या काळात किती धमक्या, किती बैठका, किती समजुती घातल्या जाऊ शकतात, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. सोनईच्या तिहेरी हत्याकांडाचा खटला जिल्ह्याबाहेर, नाशिकला चालला आणि जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना शिक्षा झाली. गावगाड्याच्या सावलीतून खटला बाहेर नेला की काय फरक पडू शकतो, याचा विचार झाला पाहिजे.

१९९५ च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीने दर तीन महिन्यांनी आणि मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने वर्षातून किमान दोनदा बैठक घ्यायची असते. मुख्यमंत्री चौंडीत बैठक घेऊ शकतात, तर ही बैठक का नाही?

पैसा नाही असे म्हणाल तर तेही ऐका. चौंडीच्या बैठकीच्या आगेमागे, त्याच मे २०२५ मध्ये, सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विभागाचे ३३५ कोटी लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. खुद्द सामाजिक न्यायमंत्र्यांनीच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. बहिणींना पैसे जरूर द्या, पण दलितांच्या ताटातले का? आंध्र प्रदेश आणि कर्नाटकने २०१३ मध्येच या निधीसाठी कायदा केला. फुले-शाहू-आंबेडकरांचा महाराष्ट्र अजून विचारच करतो आहे.

जामखेडने दुसरी वाटही दाखवली आहे

हा तालुका फक्त अत्याचारासाठी ओळखला जावा असे आम्हाला वाटत नाही. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला आरोग्याचे काम सुरू केले. मोठी इमारत बांधून ते थांबले नाहीत. गावातल्या निरक्षर, अनेकदा दलित बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले. दलित वस्तीत हातपंप बसवले, म्हणजे पाण्यासाठी इतरांना तिकडे यावे लागले. जिच्या सावलीचा विटाळ मानायचे, तिच्या हातून बाळंतपण होऊ लागले. जगभरचे लोक हे बघायला जामखेडला येतात. यातून एकच धडा निघतो. गाव आपोआप बदलत नाही. खालच्या माणसाच्या हातात ज्ञान, पाणी आणि अधिकार दिला की बदलते. नुसती पाटी बदलून नाही.

म्हणून आपल्या लोकांना सांगणे आहे. २०२४ च्या विधानसभेला कर्जत-जामखेडचा निकाल अवघ्या १२४३ मतांनी लागला. एवढी मते तर आपल्या चार-पाच वस्त्यांत आहेत! दोन्ही बाजूंचे उमेदवार आपल्या दारात आले असतील. आपण त्यांना खर्ड्याबद्दल विचारले का? खर्ड्याच्या अपिलाचे काय झाले, साक्षीदार संरक्षणाचे काय, दक्षता समितीच्या बैठका किती झाल्या, हे विचारल्याशिवाय यापुढे कुणाच्या गळ्यात हार घालू नये. माहितीच्या अधिकारात तालुक्यातल्या प्रत्येक ॲट्रॉसिटी खटल्याची स्थिती मागवा. तारखेला साक्षीदाराबरोबर दहा माणसे न्यायालयात जाऊन बसा. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग खटल्याच्या खर्चासाठी बाजूला काढा. समाज पाठीशी असला की साक्षीदार टिकतो, हे याच जिल्ह्याने दाखवले आहे.

अहिल्यादेवींचे नाव ज्या जिल्ह्याला दिले, तिथे न्याय मागणारी एक आई अजून वाट बघते आहे. सरकारला त्या नावाची चाड असेल तर पुढची बैठक खर्ड्यात घ्यावी.

जय भीम! जय संविधान!