कणगीतले बी आणि साहेबांची पिशवी

बी कोणाचे, हा प्रश्न कोणी आपल्या आजीस विचारला असता तर ती विचारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून हसली असती. ज्याने राखले त्याचे! परंतु हल्ली मृगाच्या तोंडी शिरूर कासारच्या बाजारात जाऊन पाहा. पिढ्यानपिढ्या माती कसणारा कुणबी, वंजारी, धनगर, माळी दुकानाच्या फळीपुढे उभा असतो, आणि फळीपलीकडचा ज्या वाणाचे नाव घेईल ती थैली उधारीवर उचलून घरी येतो. त्याचा पणजा सावकाराच्या ओट्याशी दाण्यासाठी उभा राही. हा बियाण्यासाठी राहतो. सुधारणा झाली ती इतकीच की ओट्याच्या जागी काचेचे कपाट आले.

अलीकडे सरकारी व सभासंमेलनी मंडळींस गरिबाच्या ताटाचा एकाएकी कळवळा आला आहे. 2023 हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. ज्या बाजरीच्या भाकरीवरून आमच्या पोरांस शहरात हसत, ती पाहुण्यांच्या ताटात गेली आणि तिला 'श्रीअन्न' असे नाव मिळाले. भाकरीस संस्कृत नाव दिल्यावाचून तिचा विटाळ फिटत नाही, असे दिसते! असो. नावाबद्दल आमचे भांडण नाही. आदिवासींच्या व कोरडवाहू लोकांच्या अन्नासाठी अनुदाने निघतात, कार्यशाळा भरतात, अहवाल छापले जातात, तेही होवोत. आमचा प्रश्न एवढाच की हा पैसा कोणाच्या हाती पडतो, आणि सारे पाहुणे निघून गेल्यावर बी कोणाच्या घरी राहते?

उत्तर पाहावयास फार दूर जावयास नको. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, कोंभाळणे म्हणून गाव आहे. तेथील राहीबाई पोपेरे ह्या महादेव कोळी समाजाच्या बाई. शाळेत बसावयास त्यांस मिळाले नाही. परंतु वाल, घेवडा, भात, नागली, परसातला भाजीपाला यांचे गावठी बी त्यांनी राखेत घोळून, मडक्यात भरून जतन केले. मणिभाई देसाई यांनी 1967 साली उरुळीकांचन येथे स्थापिलेल्या बाएफ संस्थेने त्यांस साथ दिली आणि त्यांच्या घरी बियाण्यांची बँक उभी राहिली. ह्या बँकेत पासबुक नाही आणि जामीनही नाही. एक माप न्यावे, पीक आल्यावर दोन मापे आणून घालावी. व्याज आहेच, पण ते दाण्याचे. आणि ते सावकाराच्या कोठारात न जाता पुढल्या बाईच्या ओटीत पडते. 2020 साली सरकारने त्यांस पद्मश्री जाहीर केली.

ह्यात ध्यानात धरावयाचे ते पद्मश्री नव्हे. बाहेरून मदतीस आलेल्यांनी त्या बाईच्या बियाण्यास गावठी म्हणून नाक मुरडले नाही, आणि त्यांच्या मडक्यांच्या जागी आपली पिशवी आणून ठेविली नाही, हे ध्यानात धरा. मदत अशीही करता येते. आणि आपण? डोंगरातला कोळी, ठाकर, कातकरी म्हणजे रानटी, असे म्हणणारे आपल्यातही थोडे नाहीत. वरच्याने आपणांस अडाणी म्हटले की आपण चवताळतो, आणि तोच शब्द खालच्या पायरीवर फेकून मोकळे होतो.

दुसरे उदाहरण आपल्याच जुन्या मुलखातले आहे. 1948 च्या सप्टेंबरापर्यंत बीड आणि जहीराबाद एकाच निजामाच्या राज्यात होती. जहीराबादजवळ पस्तापूर येथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी 1983 पासून काम करिते. तिच्या गावोगावच्या संघांतील बाया बहुतेक दलित घरच्या. 1990 नंतरच्या दशकात त्यांनी असा सौदा केला की, पडीक रान नांगरून पेरण्यास आम्हांस पैसा द्या, आम्ही तो ज्वारीच्या रूपाने फेडू. ती ज्वारी गावातच साठविली आणि टंचाईच्या महिन्यांत गरीब घरांस स्वस्त दराने दिली. गरीब कोण, हे कचेरीतल्या कारकुनाने ठरविले नाही, गावाने बसून ठरविले. गावाला गावची उपाशी घरे ठाऊक असतात. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने 2019 साली ह्या संस्थेस इक्वेटर पारितोषिक दिले.

आता शहाणे लोक म्हणतील, मास्तर, गावठी बियाण्यास उतारा कमी. जेथे विहिरीस पाणी व हाताशी खत आहे तेथे संकरित बी अधिक देते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु रब्बीत आपण जी मालदांडी पेरतो ती काय आकाशातून पडली? 1930 च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रात ती शेतकऱ्यांच्या गावठी ज्वारीतूनच निवडून काढिली. निवडणाऱ्या विद्वानांची नजर चांगली होती. पण खळ्यावर बसून, टपोरे कणीस बाजूला काढून, ते आढ्याला टांगणाऱ्या बायांनी त्याआधी किती पिढ्या तीच निवड केली, त्याचा हिशोब कोणत्या अहवालात आहे? ज्ञान साहेबाकडून शेतकऱ्याकडे वाहत येते असे पढविले जाते. मालदांडीचे ज्ञान तर आधी आपल्या खळ्यावरून साहेबाकडे गेले. उलट बाजूची गोष्ट कपाशीची. 2002 साली परके जनुक घातलेले बी आले, थोड्याच वर्षांत सारा मुलूख त्याने भरला, आणि 2017 साली त्याच बोंडांत गुलाबी अळी शिरून मराठवाड्याची दैना झाली. माघारी फिरावयास घरचे सरकीचे बी कोणाकडे उरले होते? कापूस निदान खावयाचा नाही. भाकरीच्या बियाण्याची तीच गत झाली तर काय खाल?

कायदा ह्या बाबतीत आपल्या बाजूचा आहे, पण तो कोणी शिकवीत नाही, म्हणून येथे सांगतो. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याचे कलम 39 पाहा. शेतकऱ्याने आपले बी राखावे, पेरावे, दुसऱ्यास द्यावे, बदलून घ्यावे, विकावेही. फक्त संरक्षित वाण छापील नावाने विकू नये. पेप्सी कंपनीने 2019 साली गुजरातेत बटाटा पिकविणाऱ्या काही शेतकऱ्यांवर एकेक कोटीहून अधिक भरपाईचे दावे लाविले. लोकांनी हेच कलम पुढे करून गलबला केला तेव्हा कंपनीने दावे मागे घेतले. कलम 41 असे की, एखाद्या वाणाच्या घडणीत गावाचा हात असेल तर गावाने मोबदला मागावा. कलम 44 असे की, ह्या कामी प्राधिकरणाने शेतकऱ्याकडून फी घेऊ नये. आणि जुने वाण राखणाऱ्या समूहास राष्ट्रीय जनुक निधीतून 10 लाख रुपयांचे पारितोषिक आहे. आपल्या तालुक्यात हे किती जणांस ठाऊक आहे?

शिरूरची अडचण अकोल्याहून निराळी आहे, ती लपवून चालणार नाही. दसऱ्यानंतर आपली घरेच्या घरे कोयता घेऊन ऊसतोडीस जातात. शाळेची बाके रिकामी होतात, ती आम्ही दरसाल मोजतो. घरास कुलूप लागले की कणगीला राखण कोणाची? उंदरांची नि भुंग्यांची. हुलगा, मटकी, गावठी तूर, बाजरी, अंबाडी, एक साल पेरणी चुकली, दुसऱ्या साली किडले, तिसऱ्या साली नावच उरले. बी राखणे म्हणजे घरी माणूस असणे. आणि पोटासाठी घर सोडावे लागते त्यास आजीच्या मडक्यांची थोरवी सांगणे ही थट्टा होय. त्यातून 2023 साली बीडसह 14 जिल्ह्यांतील केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांस धान्याऐवजी माणशी महिना 150 रुपये देण्याचे ठरले. त्यांत महिन्याची भाकरी होते की नाही, हे गणित आमच्या चौथीच्या पोरास येते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, आपल्या गावांत कणगी घरोघरची नको, गावाची हवी. गावात मागे राहतात त्या म्हाताऱ्या बाया. त्यांच्याच हाती ती द्यावी, आणि त्यांच्या राखणीचे वेतन अनुदानातून द्यावे. बियाण्याची पिशवी फुकट वाटणे सोपे असते, कारण तिचा फोटो निघतो. म्हातारीच्या पगाराचा फोटो निघत नाही. शिवाय ज्याच्या नावे सातबारा त्यासच योजना, ही अट प्रथम मोडली पाहिजे. सातबारा बाईच्या नावे क्वचित असतो. गायरान कसणाऱ्या दलित व पारधी घरांकडे तर तो बहुधा नसतोच, जसा डोंगरातल्या आदिवासीकडे 2006 च्या वनहक्क कायद्यापूर्वी त्याच्या रानाचा कागद नव्हता. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावास 2009 साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, तो मोठ्या झगड्यानंतर. पायाखाली जमीन नाही त्याच्या हातात बियाण्याची पिशवी देऊन त्याने ती पेरावी कोठे? डोक्यावर?

1 मे रोजी ग्रामसभा भरते. तोवर कोयत्याची माणसे बहुतेक परतलेली असतात आणि मृगास महिनाभर अवकाश असतो. त्या दिवशी बायांनी पुढे बसावे आणि ग्रामसेवकास विचारावे की, गतसाली कृषी खात्याकडून गावात किती पिशव्या आल्या, कोणाच्या घरी गेल्या, आणि त्यातले किती बी ह्या साली पेरता येते. मग गावाच्या कणगीसाठी जागा, पत्र्याची कोठी आणि राखणारीचे वेतन ह्यांचा ठराव मांडावा. एक माप नेऊन दोन घालण्याचा नियम त्यात लिहावा, आणि सातबारा नसलेल्या घरांची नावे पहिली घालावी. ठराव मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय कोणी अंगठा उठवू नये. लिहिणारा न मिळेल त्या गावाने आम्हांस निरोप धाडावा. कागद व शाई आम्ही घेऊन येऊ.