पोर्ट २१ बंद करताना

अभय भूषण हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर. एमआयटीत असताना, एप्रिल १९७१ मध्ये, त्यांनी फाइली पाठवण्याच्या एफटीपी या प्रोटोकॉलचा पहिला मसुदा आरएफसी ११४ म्हणून मांडला. तेव्हाच्या अर्पानेटवर मोजकी विद्यापीठे आणि संशोधनसंस्था होत्या. वाटेत कोणी चोरून ऐकेल याची तरतूद मसुद्यात नव्हती. साध्या एफटीपीत आजही युजरनेम, पासवर्ड आणि फाइल उघड्यावरच जातात.

१९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर स्निफर लावून असेच पासवर्ड चोरले गेले. तिथल्या तातू यलोनेन यांनी त्याच वर्षी एन्क्रिप्ट केलेली जोडणी देणारे एसएसएच लिहिले. डेबियनने सार्वजनिक एफटीपी सेवा नोव्हेंबर २०१७ मध्ये थांबवली, क्रोम आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकले. रात्री क्रॉनवर चालणाऱ्या जुन्या स्क्रिप्टमध्ये मात्र ते टिकून आहे. स्क्रिप्ट लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो आणि चालू कामाला हात लावायला कोणी धजत नाही.

म्हणून आधी शोध घ्यावा. फायरवॉलच्या लॉगमध्ये एफटीपीच्या पोर्ट २१ वर कोण बोलते ते पाहावे, तेही महिनाअखेर धरून. काही फाइली तेव्हाच हलतात. नव्या कामाला एसएसएचवर चालणारे एसएफटीपी बरे: सगळे पोर्ट २२ च्या एकाच जोडणीतून जाते. एफटीपीएस हे वेगळे प्रकरण. ते टीएलएसमध्ये गुंडाळलेले जुने एफटीपीच असते, डेटासाठी वेगळी जोडणी उघडते आणि फायरवॉलवाल्यांचा जीव खाते.

खरी चूक यानंतर होते. काम अडू नये म्हणून स्क्रिप्टमध्ये होस्ट कीची तपासणी बंद केली जाते. मग समोरचा सर्व्हर आपलाच आहे याची खात्री उरत नाही, आणि फाइल एन्क्रिप्ट होऊनही भलत्याच्या हाती पडू शकते. सर्व्हरच्या कीचा फिंगरप्रिंट फोनवरून पडताळून घ्यायला पाच मिनिटे पुरतात. प्रत्येक कामाला स्वतंत्र की द्यावी, खाते आपल्या फोल्डरपुरतेच बांधावे. एफटीपीवरून गेलेले पासवर्ड उघड झालेच असे समजून बदलावेत.

मे २०२३ मध्ये मूव्हइट ट्रान्सफर या सुरक्षित देवाणघेवाणीच्याच सॉफ्टवेअरमधील एसक्यूएल इंजेक्शनची त्रुटी क्लॉप टोळीने वापरली; दोन हजारांहून अधिक संस्थांना झळ बसली. तिथे वाटेतले एन्क्रिप्शन तुटले नव्हते, सर्व्हरवर पडून असलेल्या फाइली चोरल्या गेल्या. समोरच्याने फाइल उचलली की ती सर्व्हरवरून आपोआप पुसली जाईल, अशी सोय स्थलांतराच्या आराखड्यातच असायला हवी.