पाणी तापत नाही? आधी निदान, मग पार्ट

धुलाई मशीन ही एके काळी शहरातील सधन घरांची वस्तू समजली जात होती. आज चिखली तालुक्यातील आमच्या उंद्रीसारख्या गावातही ती बऱ्याच घरांत आली आहे. त्यातही समोरून दार असलेली आणि स्वतः पाणी तापवणारी मशीन घेण्याकडे लोकांचा कल आहे. वस्तू आली, पण तिची दुरुस्ती जाणणारा कारागीर मात्र तेवढ्या प्रमाणात तयार झाला नाही. म्हणूनच ‘पाणी तापत नाही’ एवढ्या तक्रारीवर हजारो रुपयांचा बोर्ड बदलला जातो, आणि पुष्कळदा तो बदलूनही पाणी थंडच राहते.

कापडाच्या व्यापाऱ्याला या विषयाशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. देणेघेणे सरळ आहे. मशीन बिघडते, तेव्हा पहिला आरोप कापडावर येतो. पाणी कोमट झालेच नाही, तर साबणाची पूड नीट विरघळत नाही, तेलकट डाग राहतात आणि गिऱ्हाईक म्हणते, ‘कापड मळखाऊ निघाले.’ उलट, तापमान मोजणारा भाग बिघडून पाणी गरजेपेक्षा जास्त तापले, तर लोकरी शाल आटते, इलॅस्टिक सैल पडते, गडद रंग उतरतो आणि गिऱ्हाईक म्हणते, ‘रंग कच्चा होता.’ रंग कच्चा असेल तर दुकानदाराने माल परत घ्यावा, यात वाद नाही. पण दोष मशीनचा असेल तर तो ओळखता आला पाहिजे. ज्याला निदान कळत नाही, तो दुसऱ्याचे नुकसान स्वतःच्या गल्ल्यातून भरतो.

हकीम नब्ज पाहिल्याशिवाय दवा देत नाही. मशीनचीही नब्ज आहे आणि ती पाहण्याचा एक क्रम आहे.

पहिली गोष्ट, बिघाड खरोखर आहे का? थंड पाण्याचा किंवा झटपट धुण्याचा प्रोग्राम लावला असेल तर पाणी तापणारच नाही. ६० अंशांचा प्रोग्राम लावावा आणि अर्ध्या तासाने दाराच्या काचेला हात लावून पाहावा. काच गार असेल तर पुढे जावे. काही मशीनमध्ये पाणी ठरलेल्या तापमानाला येईपर्यंत वेळेचा आकडा पुढे सरकत नाही. तो एकाच ठिकाणी अडकून राहिला, तर तीही तापण्याच्या बिघाडाचीच खूण समजावी.

दुसरी गोष्ट, वीज. तापवण्याचा रॉड साधारण २००० वॅटचा असतो. २३० व्होल्टवर तो सुमारे ८.७ अँपिअर वीज ओढतो. म्हणून त्याला १६ अँपिअरचे सॉकेट आणि जाड वायर लागते. पंख्या-दिव्याच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर मशीन चालवली, तर पिन तापते आणि टोके काळी पडतात. व्होल्टेजचा हिशेबही समजून घ्यावा. खेड्यात संध्याकाळी दाब १८० व्होल्टवर आला, तर रॉडची ताकद २००० वॅटवरून सव्वाबाराशे वॅटच्या आसपास येते. बारा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत नेण्यास जिथे पंधरा मिनिटे पुरतात, तिथे चोवीस मिनिटे लागतात. ड्रम आणि कपडे तापण्याचा वेळ वेगळाच. अशा वेळी मशीन निर्दोष असते. तिला खोलण्यापूर्वी व्होल्टेज मोजावे.

तिसरी गोष्ट, रॉड वीज घेतो का? हे मशीन न उघडता कळते. घरातील बाकी सर्व उपकरणे बंद करून विजेच्या मीटरवरील लुकलुकणारा दिवा पाहावा. रॉड चालू झाला की त्याची लुकलुक एकदम वाढते. कारागिराकडे क्लॅम्प मीटर असेल तर त्याने फक्त फेजच्या वायरीभोवती तो लावून आठ-नऊ अँपिअर दिसतात का, ते पाहावे. एवढी वीज जात असेल तर रॉड काम करतो आहे.

रॉड वीज घेतच नसेल, तरच मशीन उघडावी. उघडण्यापूर्वी पिन सॉकेटमधून काढलीच पाहिजे. नुसते बटण बंद करून भागत नाही. मग रॉडच्या वायरी सोडवून मल्टिमीटरने त्याचा रोध मोजावा. २००० वॅटच्या रॉडचा रोध सुमारे २६ ओहम येतो. काहीच वाचन आले नाही, तर रॉड तुटला. रॉडचे टोक आणि त्याचे धातूचे अंग यांच्यामध्ये मात्र कसलेही वाचन येता कामा नये. आले तर वीज गळते आहे. मशीन भरते, फिरते आणि तापायला लागताच घराचा आरसीसीबी पडतो, त्यामागे बहुधा हेच कारण असते. अशा वेळी आरसीसीबी काढून टाकणारा कारागीर घराचा दुश्मन समजावा. ज्या घरात अर्थिंग नाही, तिथे ही गळती माणसाचा जीव घेऊ शकते.

रॉड ठीक निघाला, तर त्याची टोके पाहावीत. सैल पडून जळालेले टोक हा नेहमीचा आणि सर्वांत स्वस्त बिघाड आहे. त्यानंतर तापमान मोजणारा थर्मिस्टर. तो गरम पाण्यात धरला की त्याचा रोध हळूहळू कमी झाला पाहिजे. मग पाण्याची पातळी सांगणारा स्विच आणि त्याची हवेची बारीक नळी. ती नळी साबणाच्या गाळाने तुंबली, तर मशीनला पाणी भरल्याचे कळत नाही आणि ती रॉडला वीजच देत नाही. हे सर्व तपासून झाल्यावर शेवटी बोर्डावरील रिले पाहायचा असतो. आपल्याकडे सुरुवातच बोर्डापासून होते, कारण बोर्ड बदलायला अक्कल कमी लागते आणि बिल मोठे होते.

रॉड जळण्याचे एक मोठे कारण आपल्या पाण्यात आहे. जिल्ह्यात बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या खारपाणपट्ट्यातील पाण्याविषयी तर सांगायलाच नको. जड पाणी तापले की क्षार रॉडवर पांढऱ्या थराने बसतात, रॉडची उष्णता बाहेर पडत नाही आणि तो आतून जळतो. उपाय स्वस्त आहे. दोन-तीन महिन्यांतून एकदा रिकाम्या मशीनमध्ये लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अॅसिड, टाकून गरम पाण्याचा प्रोग्राम चालवावा. त्यासोबत ब्लीच मात्र कधीही टाकू नये, विषारी वायू तयार होतो.

आता मुद्दा धंद्याचा. कंपनीच्या भरवशावर सर्व सोडता येत नाही. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने एके काळी धुलाई मशीन मध्यमवर्गीयांच्या घरात पोहोचवली. २०१८ मध्ये तीच कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिच्या जुन्या मशीनना जगवले ते गावोगावच्या कारागिरांनी. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, म्हणजे ग्राहकाला दुरुस्तीचा हक्क असावा हे सरकारनेही मानले. पण २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ धंद्यांत शिंपी आहे, धोबी आहे, घरगुती उपकरणांचा मिस्त्री नाही. त्याने हे हुनर आयटीआयमध्ये किंवा उस्तादाच्या हाताखाली स्वतःच मिळवावे लागेल.

म्हणून माझे सांगणे तिघांना आहे. तरुण कारागिरांनी पाना-पेचकसच्या आधी मीटर विकत घ्यावा आणि तो वाचायला शिकावे. गिऱ्हाइकाला वाचन दाखवावे, जुना पार्ट त्याच्या हातात द्यावा आणि बिलावर बिघाड लिहावा. मशीन विकणाऱ्या दुकानदारांनी विक्रीच्या वेळीच घरातील सॉकेट, अर्थिंग आणि पाणी यांची चौकशी करावी. आणि ग्राहकांनी ‘बोर्ड गेला’ असे ऐकताच एकच सवाल करावा : रॉडचा रोध किती आला?

या सवालाचे उत्तर देऊ शकणारा एक मिस्त्री प्रत्येक बाजारपेठेत तयार झाला, तर गावाचा पैसा गावात राहील, आणि पाच-सात गावांचे काम आपोआप त्याच्या दुकानी चालत येईल. उंद्रीत, अमडापुरात, मेहकरात अशा दुकानासाठी जागा आजही रिकामी आहे.