जुन्या गाडीस नवें इंजिन

गोंदिया येथील एका वाचकांचें पत्र आमच्यापुढें आहे. तिघे बंधु एकत्र राहतात. मातोश्री वृद्ध आहेत. अंगणांत वडिलांनीं 1990 सालीं घेतलेली काँटेसा मोटार उभी आहे. गेल्या पावसाळ्यांत इंजिनांत पाणी शिरून ती बंद पडली. थोरले बंधु म्हणतात, भंगारांत द्या. धाकटे नागपुरास इंजिनियर आहेत; ते म्हणतात, जीपचें मोठें डिझेल इंजिन बसवूं, गाडी वाऱ्यासारखी धांवेल. मधल्यांनीं आमचा कौल मागितला आहे. पत्राच्या शेवटीं ते लिहितात कीं, महिनाभर दोघे भाऊ एका पंगतीस बसतात, पण बोलत नाहींत. आम्हांस सर्व पत्रांत तेंच वाक्य महत्त्वाचें वाटलें.

थोरल्यांस भंगाराची घाई कां व्हावी, हें कळत नाहीं. इंजिन बदलल्यानें वडिलांची गाडी वडिलांची राहत नाहीं, असें त्यांच्या मनांत असल्यास काँटेसाचा इतिहासच पाहावा. व्हॉक्सहॉल व्हिक्टर ह्या इंग्रजी गाडीवरून हिंदुस्थान मोटर्सनें ती 1984 सालीं काढली, पण आंत बसविलें अँबॅसडरचें 1489 सी. सी. चें इंजिन. एवढ्या अवजड देहास पन्नासेक अश्वशक्ति कोठून पुरणार? पुढें जपानी इसुझूचें 1817 सी. सी. चें इंजिन आलें, तेव्हां कोठें गाडीस नांव मिळालें. मुंबईच्या प्रीमियर कारखान्यानेंहि 1985 मध्यें हाच मार्ग धरला. सांगाडा फियाट 124 चा, इंजिन निस्सानचें, 1171 सी. सी. चें, ‘118 एन. ई.’ ह्या नांवांतील अक्षरें म्हणजे ‘निस्सान इंजिन’च होत.

परंतु धाकट्यांनीं हर्षून जाऊं नये. प्रीमियरनें इंजिनाबरोबर गिअरबॉक्सहि निस्सानचाच घेतला होता. जड डिझेल इंजिनाचा भार पुढच्या स्प्रिंगांवर येतो. क्लच, मागचीं चाकें फिरविणारा लांब दांडा, रेडिएटर, ब्रेक हीं सर्व जुन्या शक्तीच्या मापाचीं. गोंदियाकरांस दाखला घरचाच आहे. सातपुड्याच्या नॅरोगेजवर वाफेचीं इंजिनें जाऊन डिझेलचीं आलीं, तरी वेगाची मर्यादा अडीच फुटी रुळांनींच ठरविली.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 52 अन्वयें इंजिन बदलण्यापूर्वीं परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते, आणि निर्मात्यानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा फेरफार चालत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी 2019 मध्यें सांगितलें. नोंदणीपुस्तकांत एक इंजिन आणि गाडींत दुसरें, अशा स्थितींत अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करील, आणि गाडींत बसणार कोण? मातोश्री!

आमचा कौल असा. नोंदणीची मुदत शिल्लक आहे ना, हें पाहून आधीं जुनेंच इंजिन खोलावें. पाणी शिरल्यावर कोणीं पुन्हा पुन्हा स्टार्टर मारला असल्यास कनेक्टिंग रॉड वांकला असणें संभवतें; तेवढेंच असेल तर नव्या इंजिनाचा प्रश्नच उरत नाहीं. ब्लॉकच तडकला असेल तर त्याच जातीचें 1817 सी. सी. चें इसुझू शोधावें, मंजुरी घ्यावी, मगच तें बसवावें व नवा इंजिन क्रमांक पुस्तकांत आणि विम्यांत नोंदवावा. इंजिन धाकट्यांनीं खोलावें; थोरल्यांनीं शेजारीं बसून पाने हातीं द्यावेत. आंत काय निघालें, तें आम्हांस अवश्य कळवावें.