भिंतीमागचं पाणी

आमच्या हॉलमध्ये पंचवीसहून अधिक वर्षं एकच ऋतू होता. समोरच्या भिंतीवर तळं, तळ्याकाठी लालपिवळ्या पानांची झाडं आणि मागे बर्फाचे डोंगर. हा वॉलपेपर मामंजींनी १९९६ साली लावला. त्या काळात अशी 'सीनरी' घरोघरी असे. तुमचाही जुना अल्बम काढून बघा, कुणाच्या तरी पाठीमागे ती सापडेल. आमच्याकडे नणंदेला बघायला आलेले पाहुणे, बारशाची बाळं, साठीशांतीला बसलेले मामंजी आणि आत्या, सगळ्यांचे फोटो त्या तळ्याकाठीच निघाले. २००४ साली मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा माझाही पहिला फोटो तिथंच.

तळ्याच्या डाव्या कोपऱ्यात मात्र कागद फुगलेला होता. दर पावसाळ्यात फुगवटा वीतभर वर चढायचा आणि आम्ही सोफा तेवढा डावीकडे सरकवायचो. विषय संपला!

गेल्या वर्षी घराचं काम काढलं, तेव्हा मात्र सोफ्यावर भागेना. रंगवाला म्हणाला, "मॅडम, कागद काढायच्या भानगडीत पडू नका. वरनं पीव्हीसी शीट मारतो. दोन दिवसांत हॉल नवा." माझ्या डोक्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. मी जवळजवळ 'हो' म्हणाले होते. पण मेस्त्रींनी भिंतीवर तळहात ठेवला, हात नाकाशी नेला आणि मान हलवली. "झाकून काय उपयोग? शीटच्या मागं बी हेच होणार. मोदल गोडी ओणगबेकु री."

आधी भिंत वाळली पाहिजे. हे कन्नड वाक्य पुढचे सात महिने आमच्या घरात म्हणीसारखं वापरलं गेलं.

कागद निघता निघेना. वरचा थर प्लॅस्टिकचा, त्यातून पाणी आत जात नाही. म्हणून आधी पात्यानं त्यावर आडव्याउभ्या रेघा मारल्या, कोमट पाण्याचा स्पंज फिरवला आणि वीस मिनिटं थांबून रुंद पत्र्यानं खरवडलं. वरचा थर निघाला तरी मागचा पातळ कागद आणि खळ भिंतीवरच राहते. बरेच जण इथंच थांबून रंग मारतात आणि वर्षभरात पोपडे धरतात. खळ राहिली की रंग भिंतीला न धरता खळीला धरतो. हात फिरवल्यावर चिकट लागेनासं होईपर्यंत भिंत धुवावी लागते. आम्हाला चार दिवस लागले.

तळं गेलं, डोंगर गेले आणि मागून खरी भिंत दिसली. काळ्या बुरशीचे चट्टे आणि खालच्या बाजूला पांढरा, पिठासारखा लोणा. बुरशी ब्लीचिंगच्या पाण्यानं काढली, खिडक्या उघड्या ठेवून आणि नाकातोंडाला रुमाल बांधून. लोणा मात्र पाण्यानं धुवायचा नाही, क्षार विरघळून पुन्हा भिंतीतच मुरतात. तो कोरड्या ब्रशनं झाडायचा. चट्ट्यांच्या वर सेंटरिंगच्या फळ्यांचे ठसे होते, लाकडाच्या रेषांसकट. ते बघून आत्या पहिल्यांदा काही बोलल्या. "१९८३ सालची ओतलेली भिंत. सिमेंटसाठी हे किती फिरले होते, ठाऊक आहे?"

बाकीचं घर विटांचं, ही एकच भिंत काँक्रीटची. कारण तिच्यामागे चढ आहे आणि वरच्या घराच्या आवाराची माती तिला टेकते. मेस्त्रींनी प्लॅस्टिकचा हातभर तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटवला. दुसऱ्या दिवशी पाण्याचे थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला होते. म्हणजे दमटपणा हॉलमधला नव्हता, पाणी भिंतीतून येत होतं. आणि मागून येणारं पाणी आतून साधे लेप देऊन सहसा थांबत नाही, ते लेपच सोलून काढतं. पाणी ज्या बाजूनं येतं, त्याच बाजूनं अडवावं लागतं.

ती बाजू आमची नव्हती.

दोन घरांमध्ये पूर्वी दोन फुटांची गटार होती. १९९५च्या पावसात मधला गडगा कोसळला. तो कुणी बांधायचा यावरून मामंजी आणि मागच्या घरातले यजमान यांची बोलाचाली झाली. ते कन्नडमध्ये, हे मराठीत. दोघांनाही दोन्ही भाषा उत्तम येत होत्या, त्यामुळे गैरसमजालाही वाव नव्हता! गडगा कुणीच बांधला नाही. माती गटारीत बसली, त्यावर त्यांच्या घरातल्या अम्मांनी अबोली लावली. आणि पुढच्या वर्षी मामंजींनी खडेबाजारातून तळं आणलं.

"ह्यांना माहीत होतं, पाणी कुठनं येतंय ते," आत्या म्हणाल्या. "दर मिरगाला म्हणायचे, यंदा बोलून टाकतो." मामंजी जाऊन आता नऊ वर्षं झाली. मागचे यजमान त्यांच्याही आधी गेले.

जायचं कोणी? नवरा म्हणाला, "तू जा. तुझं कन्नड धारवाडचं आहे." माझं माहेर धारवाडचं हे खरं, पण त्याचं कन्नडही काही वाईट नाही. एका रविवारी मीच गेले. जाताना आत्यांनी डब्यात बेसनाचे लाडू दिले, काही न बोलता.

अम्मा पंच्याहत्तरीच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मोबाइलवरचा बुरशीचा फोटो लांब धरून पाहिला. मग म्हणाल्या, "निम्म मावनोरु ओंद मात केळिद्र साकित्तु." मला काय बोलावं सुचेना. क्षणभर थांबून त्याच पुढे म्हणाल्या, "नावरे येल्लि केळिद्वि?"

अबोली त्यांची अंगणभर होती. देवाला रोज तिचाच गजरा. ती काढायची म्हणजे काय, हे मला समजत होतं. मी कामाची घाई केली नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच रोपं कुंड्यांत हलवली आणि नातवाकरवी निरोप धाडला, "अगिरी." खणा.

मिरगाच्या आधी गटार खोल खणली. भिंतीची बाहेरची बाजू घासून तिला वॉटरप्रूफिंगचे लेप दिले, तळाशी भोकांचा पाइप आणि त्यावर खडी घालून पाणी रस्त्याच्या गटारीला जोडलं. निम्मा खर्च देण्याचा अम्मांच्या मुलानं आग्रह धरला. आम्ही खडीपुरता मानला.

आतली भिंत मात्र तशीच ठेवली. काँक्रीटमध्ये मुरलेलं पाणी आठवड्यात निघत नाही. मेस्त्री म्हणाले, एक पावसाळा उघडी राहू दे. गणपतीला आलेला प्रत्येक पाहुणा विचारायचा, "काम अर्धवट का सोडलंत?" मधूनमधून लोणा फुटायचा, आम्ही झाडायचो. हळूहळू तो थांबला. दिवाळीनंतर पुन्हा प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवला. दोन्ही बाजूंनी कोरडा. मग भोकं सिमेंटनं बुजवली, गुळगुळीत भाग खरखरीत करून घेतला, प्रायमर, पुट्टीचे दोन पातळ हात, घासणी आणि वर साधा पांढरा रंग.

आत्यांचा पावसाळी खोकला पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही. पण यंदा त्यांनी झोपायची खोली बदलली नाही. तळ्याचा फोटो हवा का, असं मुलीनं विचारलं, तर "अल्बमात आहेत की," म्हणाल्या. त्या सीनरीवर मला आता राग नाही. मामंजींना पाहुण्यांसमोर घर नीटनेटकं दिसायला हवं होतं आणि त्यांना जमलं तेवढं त्यांनी केलं. एक मात्र वाटतं. कागद चिकटवायला त्यांना दोन दिवस लागले असतील. मागच्या दारी जाऊन यायला दोन मिनिटं लागली असती. पण ती दोन मिनिटं किती अवघड असतात, हे मी लाडवांचा डबा हातात धरून त्या दाराशी उभी राहिले तेव्हा मला कळलं.

डबा चार दिवसांनी परत आला. आपल्याकडे तो रिकामा येत नाही. आत अबोलीचा गजरा होता.