घरची बरणी आणि कायद्याचा बडगा

यंदा दिवाळीला भाचा वसईस आला तो जवाचा माल्ट, हॉप्स आणि यीस्टची पुडी घेऊन. "मामा, घरीच बिअर करू!" मी म्हटले, "बाबा रे, इथल्या उकाड्यात वीस अंशांचा गारवा कुठून आणशील, हे नंतर पाहू. आधी जामिनाचे बघ!" १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याविना मद्य करणे हा गुन्हाच; मग ते भट्टीवरचे असो की बरणीतले.

माझे भांडण नेमके इथे आहे. आमच्या ताडाची पहाटेची नीरा उन्हे चढली की आपसूक ताडी होते. नाताळाची द्राक्षांची वाइनही बरणीत तशीच आंबते. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे मेली, ती मिथेनॉलच्या विषाने, आंबवण्याने नव्हे! ब्रिटनने १९६३ साली घरच्या बिअरवरचा परवाना काढून टाकला. तिथली घरे काही बुडाली नाहीत.

दारूचे गोडवे मी गात नाही. तिने उठवलेले संसार मी पाहिले आहेत. पण विष विकणारा आणि सणाची बरणी भरणारी आजी यांना एकाच तराजूत तोलणारा कायदा वाचवतो कोणाला? भाच्याची पुडी मी कपाटात कुलूपबंद केली आहे. किल्ली कायदेमंडळाने द्यावी!