आधी कुणाला विचारलं?



पत्रकारांच्या नीतीवर हल्ली फार चर्चासत्रं झडतात. एअरकंडिशन हॉल, शाली, नारळ आणि सत्य, समतोल, तटस्थता असले गुळगुळीत शब्द. प्रेस कौन्सिलने नियमांचं पुस्तकही काढलंय. खातरजमा करा, कुठल्या जातीची बदनामी होईल असं लिहू नका, सगळं त्यात आहे. पण नियम मोडणाऱ्याला कौन्सिल फार तर समज देतं, ताशेरे ओढतं. दंड करायचा अधिकार त्याला नाही. म्हणजे सगळी मदार रात्री डेस्कवर बसणाऱ्या माणसावर. आपल्याला बोलायचंय ते त्याच्याशी.

२९ सप्टेंबर २००६. खैरलांजी, जिल्हा भंडारा. भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे गावच्या जमावाने हालहाल करून मारले. बाप तेवढा वाचला. तीनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, नागपूरला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेचा सुवर्णमहोत्सव होता. लाखो माणसं जमली होती आणि त्यातल्या बहुतेकांना या खुनांचा पत्ताही नव्हता! सुरुवातीला ज्या चार ओळी आल्या त्यात काय? तर अनैतिक संबंधांतून हत्याकांड. पोलीस बोलले, पेपरने उतरवून घेतलं. झाली बातमी! मेलेली बाई उठून थोडीच खुलासा देणार?

बाप जिवंत होता. जमिनीचा वाद गावाला माहीत होता. त्याआधीच्या एका मारहाणीत या मायलेकींनी साक्ष दिली होती, हेही माहीत होतं. पण ते विचारायला एसटीचं तिकीट काढावं लागतं, वस्तीत जावं लागतं, त्या माणसासमोर जमिनीवर बसावं लागतं. पोलीस ठाण्याला एक फोन केला की काम भागतं. नीतीचा निर्णय म्हणतात तो हा. आधी कुणाला विचारलं?

नोव्हेंबरात लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे खैरलांजी पहिल्या पानावर आली. मग तेव्हाच्या गृहमंत्र्यांना आंदोलनात नक्षलवादी दिसले. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टाने आठ जणांना दोषी धरलं, पण ॲट्रॉसिटीचा कायदा लावला नाही. २०१० साली हायकोर्टानेही तेच केलं. पेपरमुळे कोर्ट तसं वागलं असं मी म्हणत नाही. पण जी जात पहिल्या बातमीतच गाडली, ती पुढे कुणी उकरून काढायची?

आमच्या गोदीत मालाची एक गोणी कमी भरली तर टॅली क्लार्क पुन्हा पहिल्यापासून मोजतो. आणि स्लिंग तुटून माणूस चेंगरला तर पेपरात जहाजाचं नाव येतं, मालाचे टन येतात, माणूस मात्र 'एक मजूर'. गोणीला नंबर, माणसाला नावसुद्धा नाही, च्यायला!

हे असं का होतं? डेस्कवर कोण बसलंय ते बघा. १९९६ साली बी. एन. उनियाल नावाचे पत्रकार दिल्लीत एक तरी दलित पत्रकार शोधायला निघाले. त्यांना एकही सापडला नाही. २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्रीने पेपर, चॅनल, मासिकं, पोर्टल यांतल्या वरच्या खुर्च्या मोजल्या. १२१ पैकी १०६ सवर्णांकडे. दलित आणि आदिवासी मिळून शून्य. १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. शंभर वर्षांत जाहिरात घ्यायला लागले, माणूस अजून घेत नाहीत.

आता आपल्याकडे येतो. खैरलांजीच्या प्रेतांचे फोटो हातोहात फिरले, पुढे मोबाईलवर आले. आपली पोरं म्हणतात, छापा, जगाला कळू दे! त्यांचा संताप मला कळतो. तरीही माझा विरोध आहे. ज्या बाईची अब्रू गावाने घेतली तिला आपण पुन्हा चौकात उघडी टाकायची?

कुणी म्हणेल, अमेरिकेत काळ्यांनी तेच केलं. १९५५ साली मिसिसिपीत गोऱ्यांनी एमेट टिल या चौदा वर्षांच्या पोराला ठार मारलं. त्याचा ठेचलेला चेहरा 'जेट' मासिकाने छापला आणि सगळा काळा समाज पेटून उठला. खरं आहे. पण शवपेटी उघडी ठेवायचं कुणी ठरवलं? त्याच्या आईने! माझ्या पोराचं काय केलंय ते जगाने बघावं, हा हट्ट तिचा होता. संपादकाने तिच्यामागून छापलं. आई-बाप, भाऊ-बहीण 'छापा' म्हणाले तर पहिल्या पानावर छापू, 'नको' म्हणाले तर शब्दांनीच आग लावू. तेवढी ताकद आपल्या शब्दांत नसेल तर हे अंक कशाला काढायचे?

बाबासाहेबांनी १९४३ सालीच लिहून ठेवलंय, की इथली पत्रकारिता व्यापार झाली, साबणाच्या कारखान्याला असते तेवढीच नीती तिच्यात उरली. तेव्हा प्रस्थापितांच्या तटस्थतेच्या नादी लागू नका. मारणारा आणि मेलेला यांच्या बरोबर मध्ये उभं राहणारा मारणाऱ्याच्याच सोयीचा असतो.

उद्यापासून कुठलीही अत्याचाराची बातमी वाचाल तेव्हा पेन्सिल घ्या. कोण बोलतंय त्याखाली रेघ मारा. पोलीस बोलतात, पाटील बोलतो, मंत्री बोलतो आणि ज्याचं घर जळलं तो कुठेच नाही, असं असेल तर तो पेपर घेऊन दहा जण मिळून संपादकाच्या टेबलासमोर उभे राहा आणि एवढंच विचारा: आधी कुणाला विचारलं?

आणि आपल्या अंकातही कुणी ही रेघ मारली तर राग मानायचा नाही.

जयभीम!